लेकालच्या कागदावरचे शिक्के

सरकारी संगणकात लेकाल देशाबाहेर होता. प्रत्यक्षात तो ताओयुआनजवळ एका बारा मजली इमारतीत स्लॅबखाली फळ्या ठोकत होता. ही विसंगती सरकारच्या नजरेस आली तेव्हा सरकारनं ती दूर केली. लेकालला विमानात घालून देशाबाहेर पाठवलं. संगणक आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसला. आमच्या बेटावर दुसरं कुठलं काम इतक्या तत्परतेनं झाल्याचं मला आठवत नाही, आणि मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे.

लेकाल माझा मेहुणा. माझी बायको होंगाय आणि तो मावसभावंडं. आमचं गाव चिकोपाय, पूर्व किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यात. गाव अमिस लोकांचं, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांचं. इथं घर बाईचं असतं, आणि लग्न झालं की पुरुष आपलं गाठोडं घेऊन बायकोच्या घरी राहायला येतो. त्यामुळे घरजावई हा शब्द इथं टोमणा म्हणून चालत नाही. मी मात्र त्यांच्यातही दुय्यम दर्जाचा. जातीनं हक्का, म्हणजे चिनी वंशाचा, बाहेरगावचा, आणि वर कुठल्या घरात कोण राहतं ते लिहिणाऱ्या तालुक्याच्या घरनोंदणी कचेरीतला कारकून. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तेव्हापासून कचेरीचा कारभार फारच ढासळला, असं मी चारचौघांत सांगत असे.

झालं ते असं. बिनपरवाना परदेशी मजूर शोधायला बांधकामावर धाड पडली तेव्हा पाऊस होता, आणि लेकालनं खुंटीवरचं हाताला आलं ते जाकीट घातलं होतं. ते रोहेलियो नावाच्या फिलिपिनो वेल्डरचं. तो महिन्याभरापूर्वी काम सोडून पळाला होता. खिशात त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स निघाली.

“मी इथलाच आहे,” लेकाल म्हणाला.

“सगळे तेच म्हणतात,” अधिकारी म्हणाला.

“अहो, मी बोलतोय ते ऐका की जरा.”

“तेच ऐकतोय. बोलण्यात इतकी सफाई आलीय म्हणजे किती वर्षं लपून बसला होतास रे?”

लेकालनं आपलं कागदावरचं नाव सांगितलं, लिन वन-श्योंग. हे नाव त्याच्या आजोबांच्या पिढीला सरकारनंच वाटलेल्या आडनावांतून आलेलं. गावात त्या नावानं हाक मारली तर कुत्रंही मान वळवणार नाही. अधिकाऱ्यानं नाव संगणकात घातलं. लिन नऊ वर्षांपूर्वी देशाबाहेर गेला, परतल्याची नोंद नाही, घरनोंदणी बंद. हे खरंच होतं. लेकाल विमानानं फिजीला जाऊन ट्यूनाच्या बोटीवर चढला होता, आणि तीन वर्षांनी त्याच बोटीनं काओश्योंगच्या बंदरात उतरला होता, काखेत एक गोठलेला मासा घेऊन. माशाची नोंद झाली. त्याची राहिली.

“लिन देशाबाहेर आहे,” अधिकारी म्हणाला. “तू इथं आहेस. म्हणजे तू लिन नाहीस.”

बोटांचे ठसे घेतले, पण वर्षानुवर्षं सिमेंटनं खाल्लेल्या बोटांवर ठसे उरत नाहीत. यंत्रानं ‘वाचता येत नाही’ म्हटलं, कारकुनानं त्यापुढं ‘जुळतात असे गृहीत’ लिहिलं. फिलिपिनो दुभाषी बाईनं प्रामाणिकपणे सांगितलं की हा माणूस आमचा वाटत नाही. पण त्याच्या बोलीतले काही आकडे, पाच-सहा वगैरे, आमच्यासारखे आहेत, असंही ती म्हणाली, आणि अहवालात तेवढंच उतरलं.

पाच महिने लेकाल मनिलात होता, मासळीबाजारामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथलं सरकारही त्याला आपला म्हणेना. त्याची बहीण ओसाय रोज इथून फोन करायची. तिला उत्तर मिळायचं की श्री. लिन केव्हाही परत येऊ शकतात, फक्त पासपोर्ट दाखवावा. शेवटी तिथल्या एका पाद्र्यानं खटपट केली आणि मार्चमध्ये लेकाल घरी आला. येताना त्याच्याकडे एक कागद होता. त्यावर दुसऱ्याचं नाव, लेकालचा अंगठा, आणि छापील ओळ, ‘स्वेच्छेने प्रस्थान’.

तो कागद त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि घराबाहेर पडणं बंद केलं. कामावर नाही, समुद्रावर नाही. ऑगस्टमध्ये आमचा सुगीचा सण असतो. सगळे पुरुष वयाच्या फळ्यांप्रमाणे, म्हणजे एका वयाचे एका गटात, हातात हात घालून गोल धरतात. यंदा तू येणार ना, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, “मी स्वेच्छेनं गेलेला माणूस. माझी जागा कशाला धरता?”

ओसाय म्हणजे साठीची बाई, घराची मालकीण, आवाज डोंगराला लागून परत येणारा. ती माझ्याकडे आली.

“दाजी, मला एकच ओळ पाहिजे. ‘आम्ही त्याला चुकीनं पाठवलं.’ आणि खाली नाव. माणसाचं. ते वाचल्याशिवाय हा उंबरा ओलांडणार नाही.”

“ओळ मिळेल कदाचित,” मी म्हणालो. “नाव कठीण आहे.”

“एवढी वर्षं तिकडं काय झोपा काढल्यात? लिहा.”

मी लिहिली. सात पत्रं. उत्तरंही सात आली. पहिल्यात ‘नोंद घेण्यात आली’, तिसऱ्यात ‘खेद’, पाचव्यात ‘तीव्र खेद’, सहाव्यात पुन्हा साधाच खेद, कारण मधल्या काळात अधिकारी बदलला होता. सातव्यात ‘प्रक्रियेचा आढावा घेऊन सुधारणा करण्यात येईल’. माणूस कुठेच नव्हता. सगळं आपोआप झालं होतं, पाऊस पडतो तसं. ही वाक्यं मी आयुष्यभर लिहिली होती. समोरून येताना त्यांना वास येतो हे मला माहीत नव्हतं. दोन पत्रांत मीही घरनोंदणीतल्या एका ‘बेजबाबदार कर्मचाऱ्या’वर सडकून टीका केली, कारण लेकालचं नाव कुणीतरी न बघताच बंद केलं असणार हे उघड होतं. ते परिच्छेद चांगले उतरले होते.

सण दीड महिन्यावर आला असताना धाड घालणाऱ्या खात्याचे विभागप्रमुख जियान साहेब स्वतः माफी मागायला आले. बरोबर फोटोवाला, दोन सहकारी, आणि डब्यात डुकराच्या पायांचा रस्सा घातलेल्या शेवया. तुरुंगातून सुटून आलेल्याला हे खाऊ घालतात, म्हणजे अंगावरची पनवती जाते. खाऊ घालतात ते घरचे लोक. ज्यानं आत टाकलं तोच वाडगं घेऊन आलेला मी प्रथमच पाहिला.

जियान साहेब गोल चेहऱ्याचे, मऊ आवाजाचे गृहस्थ. अंगणात ते कमरेतून पूर्ण वाकले. फोटोवाल्यानं कॅमेऱ्याचं झाकण काढलं नव्हतं, म्हणून पुन्हा वाकले.

“एक घास, लिन साहेब. फोटोपुरता,” सहकारी म्हणाला.

रस्सा तीन तासांच्या प्रवासात गार झाला होता. वर पांढरी चरबी धरली होती, आणि कातडीवर तीन राठ केस उभे होते. लेकालनं उंबऱ्याच्या आत उभं राहूनच घास घेतला. कॅमेरा वाजला. मग साहेबांनी फाइलीतून एक कागद काढला. श्री. लिन यांना माफी मिळाली व समाधान झाले, येथे सही करावी.

“आणि तुमची सही?” ओसायनं विचारलं.

“ही पोच आहे, ताई. हिच्यावर आमची सही नसते.”

“माझ्या भावाला हाकलला त्या कागदावर कुणाची होती?”

“ताई, ही एका माणसाची चूक नाही. ही व्यवस्थेची चूक आहे.”

“मग तिला घेऊन या. कुठं राहते ती? हे वाडगं तिला पाजते.”

साहेब हसले. सहकारीही हसले. सही न घेताच गाडी गेली. लेकाल घरातल्या मागच्या मोरीपाशी गेला आणि ओकला. आम्ही पुढच्या अंगणात बसून ते ऐकत होतो. कुत्र्यानं उरलेलं वाडगं हुंगलं आणि शिंकून निघून गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, लेकालच्या तोंडात घास, खाली मथळा, ‘उशिरा का होईना, घरचा गोडवा’. मला एवढी शिसारी आली की मी तो अंक मासे साफ करायलाही वापरला नाही.

आता आमच्या फळ्यांविषयी. दर पाच वर्षांनी गावातल्या वयात आलेल्या पोरांची एक फळी होते आणि वडीलधारे तिला नाव देतात, त्या पाच वर्षांत गावानं जे सर्वांत मोठं पाहिलं त्याचं. गावातले सर्वांत वडीलधारे फुतिंगमामा, त्यांची फळी टेलिफोनच्या तारेची, कारण तेव्हा तार आली. लेकालची भूकंपाची. नावाआधी ‘ला’ लावायचं, म्हणजे ती सगळी मंडळी आली. एकदा दिलेलं नाव बदलत नाही. दर वर्षी सणात ते ओरडून सांगायचं, नाचायचं, आणि शेवटी थडग्यावर घालून घ्यायचं.

यंदा सतरा पोरं होती. बैठकीत दोन सूचना आल्या. मोबाइलचा टॉवर, आणि हमरस्त्यावर नवं उघडलेलं चोवीस तासांचं दुकान. पुरुषांच्या बैठकीत बायका बसत नाहीत. ओसाय भाताचे चिकट वडे घेऊन आली होती आणि वडे संपेपर्यंत थांबणं तिचा हक्क होता. ती एकेक वडा मोजून वाढत होती.

“मामा, पोरांच्या थडग्यावर दुकानाचं नाव घालणार?”

“मग काय घालू?” फुतिंगमामा म्हणाले. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, दात सुपारीनं काळे, ऐकू चांगलं येतं पण ते लपवतात.

“पाच वर्षांत सर्वांत मोठं काय झालं? या गावच्या माणसाला सरकारनं परका केला.”

“म्हणजे ला-लेकाल?”

“लेकालनं काय केलंय? ज्यानं केलं त्याचं द्या.”

“त्याचं नाव कुठं ठाऊक आहे?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. वडा घशात ठेवूनच मी मान डोलावली.

आठवं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. विनम्र, निर्दोष, एकाही शब्दाला बोट लावता येणार नाही असं. ‘...तरी संबंधित आदेशावर शिक्का उमटविणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कृपया कळवावे. न कळविल्यास, प्रत्यक्ष माफी मागणारे विभागप्रमुख मा. जियान यांचेच नाव देण्यात येईल. सदर नाव सतरा व्यक्तींकडून प्रतिवर्षी जाहीररीत्या व नृत्यासह घोषित केले जाईल, आणि सतरावी व्यक्ती मृत्यू पावेपर्यंत ही कार्यवाही चालू राहील.’

आधीच्या प्रत्येक पत्राला उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागत. या वेळी तिसऱ्या दिवशी जियान साहेब स्वतः आले. एसटीनं, एकटे, शर्ट पाठीला चिकटलेला. ओसाय अंगणात वेताचे कोवळे कोंब सोलत होती. लेकाल दाराच्या आत, उंबऱ्याला टेकून. फुतिंगमामा आणि मी बाकावर.

“ताई, माझी मुलगी शिक्षिका आहे. तिच्या शाळेत या किनाऱ्यावरची मुलं येतात.”

“मग तिला लगेच कळेल.”

“नाव मी देतो. पण माझं घालू नका.” त्यांनी झेरॉक्स पुढं केली. “हे बाहेर काढायला परवानगी नाही. मी माझ्या जबाबदारीवर आणलंय.”

जबाबदारी हा शब्द त्या खात्यातल्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. कागदावर तीन शिक्के होते, आणि तिन्हींच्या खाली ‘करिता’. कारकुनानं वरच्याकरिता मारलेला, वरच्यानं त्याच्या वरच्याकरिता, आणि तिसरा संचालकांकरिता.

“हा तिसरा कुणाचा?” मी विचारलं. शिक्का फिका होता.

साहेबांनी कोंबांच्या ढिगाकडे बघितलं.

“माझा.”

ओसायचा सुरा थांबला.

“त्या दिवशी अडतीस होते, ताई. विमान सहाला. मी वाचलं नाही. वाचत बसलो असतो तर विमान चुकलं असतं.”

“कुणाचं?” ओसाय म्हणाली.

“पण कागदावर आणखी दोन नावं आहेत ना. त्यातलं एखादं...” साहेबांचा आवाज खरंच मऊ होता, लोण्यासारखा. “आणि सुरुवात आमच्याकडून नाही झाली. लिन बाहेर आहेत असं संगणकानं सांगितलं म्हणून पुढचं घडलं. ती नोंद तुमच्याच तालुक्यातून आलीय. मागचं पान बघा.”

वाचणारा मीच. पान उलटलं. राजधानीतून आलेली यादी, दोन वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर असलेल्या अकरा जणांची. प्रत्येक नावापुढं ‘चौकशी केली, नोंद बंद’. खाली चौकोनी लाल शिक्का. डावा कोपरा उडालेला. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तो माझ्या हातून कचेरीच्या पायरीवर पडला होता.

सातवं नाव लिन वन-श्योंग. पत्ता, चिकोपाय, घर चौदा. मी त्या घराच्याच अंगणात बसलो होतो.

“काय लिहिलंय, दाजी?”

‘शिक्का पुसट आहे’ हे वाक्य तोंडात तयार होतं. ते एकतीस वर्षं तयारच होतं, नुसतं सोडायचं. लेकाल उंबऱ्यावरून माझ्याकडे बघत होता.

“माझा आहे,” मी म्हणालो.

मग लेकाल बोलला. महिन्याभरात मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

“मी बोटीवरून आलो तेव्हा तो मासा तुम्ही कापला होता, दाजी.”

“हो.”

“दोन वाडगी दारू प्यायलात.”

“तीन.”

“आणि कागदावर मी बाहेरच?”

“ती यादी त्याच्या आदल्या वर्षाची. तू आल्यावर मीच ती बदलायला हवी होती. पण कागदावर लिन होता रे, मी तुला लेकाल म्हणून ओळखतो. पत्ता वाचला नाही. चौकशी केली असं लिहिलं आणि केली नाही. तुझी बहीण रोज कचेरीवरून जायची, खिडकीतून हाक मारली असती तरी...”

“पोच हवी का?” लेकाल म्हणाला. “सही करू? समाधान झालं म्हणून?”

त्याला हक्क होता. मला मात्र त्या शेवयांची चव तोंडात आली, न खाता.

जियान साहेबांचा चेहरा उजळला होता. हे मी त्यांना कधी माफ करणार नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं. “म्हणजे मूळ चूक स्थानिक पातळीवरची. हे नोंदवून घेतलं पाहिजे.”

“नोंदवा की,” ओसाय म्हणाली. तिनं माझ्या वहीचं कोरं पान फाडून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. “आधी तुमचं. ‘लेकालला मी न वाचता बाहेर घातलं. तो स्वेच्छेनं गेला नाही.’ खाली सही. आणि ते ‘करिता’ लिहायचं नाही.”

“ताई, असं व्यक्तिगत...”

“चारची एसटी शेवटची आहे, साहेब,” फुतिंगमामा डोळे मिटूनच म्हणाले. “ती चुकली तर इथंच राहाल. आमच्याकडे तुमची नोंद नाही.”

त्यांनी लिहिलं. खाली मी माझं लिहिलं. दोन ओळी, दोन सह्या. लेकालनं पान हातात घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खिशातल्या पिशवीत जुन्या कागदाला चिकटवून ठेवलं. उंबऱ्याच्या आतूनच.

“आता माझं नाव नाही ना घालणार?” उठताना साहेबांनी विचारलं.

“तुम्हीच होता की नाही, याचा भरवसा नव्हता म्हणून पत्र धाडलं,” मामा म्हणाले. “आता आहे.”

साहेब फाटकाबाहेर पडल्यावर मामांनी माझ्याकडे डोळा उघडला. “फान, तू कुठल्या फळीत?”

“कुठल्याच नाही. मी लग्नानंतर आलो, कचेरीत होतो...”

“मग सर्वांत खालच्या. तिथून सुरुवात करायची असते.”

त्यामुळे ऑगस्टमध्ये सतरा पोरांच्या शेवटी, अडुसष्टाव्या वर्षी, डोक्याला पिसं लावून मीही ओरडलो, “ला-जियान!” सर्वांत खालच्या फळीनं वरच्या सगळ्यांना पाणी, सुपारी, दारू वाहून द्यायची असते, धावत. त्या पानावर सही केल्यापासून होंगाय माझ्याशी बोलली नव्हती. माझा तो अवतार बघून तिला हसू आलं, आणि नंतर तिला माझ्याशी बोलायचं नाही हे पुन्हा आठवलं.

भूकंपाच्या फळीत लेकालची जागा मोकळी होती. त्याचे दोन शेजारी मधे हात लांब करून ती धरून होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या सकाळी खात्याचं पत्र आलं. फळीच्या नावामुळे एका कर्मचाऱ्याच्या खासगीपणाचा भंग होत असून नाव त्वरित बदलावं. सोबत कळवण्यात आलं होतं की श्री. जियान यांचं लेखी निवेदन हे त्यांचं व्यक्तिगत मत आहे, त्यांची बढतीवर बदली झाली आहे, आणि श्री. लिन यांच्या नोंदीची दुरुस्ती प्रक्रियेत आहे. म्हणजे गोलाबाहेर घरात बसलेला माणूस संगणकात अजून परदेशातच होता.

बादली खाली ठेवून मी तिथंच उत्तर लिहिलं आणि मामांनी मैदानात वाचायला लावलं, मोठ्यानं.

“आपले पत्र मिळाले. नामकरण हे कोणा एका व्यक्तीचे कृत्य नसून व्यवस्थेचे आहे. आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे. प्रक्रियेचा आढावा सतरावी व्यक्ती निवर्तल्यानंतर, म्हणजे सुमारे सत्तर वर्षांनी, घेण्यात येईल. तीव्र खेद आहे.”

“अठरावी,” मागून कुणी तरी म्हणालं. “मोजताना तुम्ही स्वतःला विसरलात, दाजी.”

लेकाल होता. अनवाणी, शर्टाच्या खिशात ती पिशवी. तो गोलाच्या कडेनं चालत आपल्या फळीपाशी गेला. शेजाऱ्यांनी लांब केलेले हात सोडले आणि त्याचे धरले. त्यानं पाय जमिनीवर घट्ट रोवले, इकडेतिकडे बघितलं, आणि त्याची नजर सतरा पोरांवरून फिरत शेवटी माझ्यावर येऊन थांबली.

“ए ला-जियान!” तो ओरडला. “बघत काय बसलास? पाणी आण.”

मी बादली उचलली आणि धावलो.